वाटेत भेटलेली अनोळखी माणसं आणि त्यांची छोटी छोटी मदत

रानवाट

डोंगरातल्या मदतीचा विषय निघाला की गप्पा थेट बचावकार्यावर जातात. दोर, स्ट्रेचर, हेलिकॉप्टर. ते काम करणाऱ्यांबद्दल मनापासून आदर आहे, पण या धाग्यावर मला त्याहून खूप लहान गोष्टी हव्या आहेत. समोरून येणाऱ्याने "पुढे वाट फुटते, डावीकडची धरा" एवढंच सांगणं. घसाऱ्यावर कोणीतरी न मागता पुढे केलेला हात. स्वतःचं पाणी मोजकं असताना "घ्या दोन घोट" म्हणणं. नाव विचारायच्या आत ही माणसं वळणाआड जातात आणि आपण त्यांना वर्षानुवर्षं विसरत नाही.

तर दोन प्रश्न. अनोळखी माणसाने केलेली कोणती लहानशी मदत तुमच्या लक्षात राहिली? आणि मदत कुठे संपते, आगाऊपणा कुठे सुरू होतो?

माझं मत आधीच सांगून टाकतो. चांगली मदत करणारा आधी नीट बघतो, मग विचारतो, आणि निर्णय चालणाऱ्यावरच सोडतो. पटत नसेल तर जरूर भांडा.

कातळ

चांगला विषय. माझं छोटंसंच आहे.

उतारावर सॅकच्या बाजूच्या कप्प्यातून माझी पाण्याची बाटली निसटली. मला पत्ताच नाही. बऱ्याच खाली आल्यावर मागून हाका ऐकू आल्या. एक मुलगा बाटली घेऊन धावत येत होता. त्याचा ग्रुप वर चालला होता, म्हणजे माझ्या बाटलीसाठी तो जेवढं उतरला तेवढं त्याला परत चढायचं होतं. बाटली हातात दिली, "कप्प्याचं इलॅस्टिक सैल झालंय, आत ठेवा" म्हणाला आणि वळलासुद्धा.

सोनकी

मला दृष्टिभय आहे. छातीवरचा चढ कितीही असू दे, काही वाटत नाही. पण एका बाजूला दरी आणि जेमतेम पाऊल मावेल एवढी वाट असली की गुडघे लटपटतात. अशाच एका आडव्या वाटेवर मी मधोमध थिजले. सोबतचे पुढे गेलेले, मागे लोक खोळंबलेले, आणि सगळ्यांचं एकच चाललेलं: "घाबरू नका, काही होत नाही, खाली बघू नका." खाली बघू नका म्हटलं की माणूस खालीच बघतो.

मागच्या ग्रुपमधल्या एक बाई पुढे आल्या. वयाने माझ्या आईएवढ्या असतील. त्यांनी आधी मागच्यांना गप्प केलं. मग माझ्या पाठीशी येऊन उभ्या राहिल्या. हात धरला नाही, फक्त माझ्या सॅकच्या वरच्या पट्ट्याला दोन बोटं लावून ठेवली. आणि बोलल्या ते फक्त पायांबद्दल. "समोर तो पांढरट दगड दिसतोय? डावा पाय त्यावर. टेकला? आता वजन टाका. उजवा हात कातळाला. आता उजवा पाय, अर्धंच पाऊल." तो सगळा पट्टा आम्ही असाच पार केला.

पलीकडे पोचल्यावर त्यांनी विचारलं, "परत याच वाटेने येणार आहात का? दुसरी एक वाट आहे. लांबून जाते, पण रुंद आहे." एवढं सांगून त्या आपल्या चालीने निघून गेल्या. येताना मी लांबची वाट धरली.

रानवाट, तुमच्या मताला माझं पूर्ण अनुमोदन.

उंडारक्या

सगळ्यात मोठी मदत राहिलीच की! "आलंच आता, दहा मिनिटं!"

डोंगरातली दहा मिनिटं कधी संपत नाहीत हे मान्य. पण माणूस पोचतो की नाही? पाय उचलत नसताना समोरून एखादा हसतमुख माणूस हे वाक्य टाकून जातो, आणि अंगात जीव येतो. मी तर सगळ्यांना हेच सांगतो.

मोजणीदार

>> आलंच आता, दहा मिनिटं <<

उंडारक्या, तुमच्या हेतूबद्दल शंका नाही. पण याला मी मदत म्हणणार नाही, आणि का ते सविस्तर लिहितो.

दमलेला माणूस "किती राहिलं?" असं विचारतो तेव्हा तो नुसता धीर मागत नसतो. उत्तरावरून तो काहीतरी ठरवणार असतो. उरलेलं पाणी आत्ता संपवायचं की राखायचं. सोबतच्या लहान मुलाला अजून चालवायचं की इथूनच परत फिरायचं. अंधाराच्या आत उतरणं होईल का. तुम्ही दहा मिनिटं सांगितलीत आणि निघाला दीड तास, तर त्याचा प्रत्येक निर्णय चुकीच्या आकड्यावर उभा राहतो. तुम्ही तोवर खाली पोचलेले असता.

खरं उत्तर देणं अवघड नाही. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा मांडला, तो आजही वापरात आहे. सपाटीवर दर पाच किलोमीटरला एक तास, आणि चढ असेल तर दर सहाशे मीटर उंचीला आणखी एक तास. म्हणजे पाच किलोमीटर अंतर आणि सहाशे मीटर चढ बाकी असेल तर न थांबता दोन तास. हा हिशेब सराव असलेल्या, बऱ्या चालीच्या माणसाचा आहे. दमलेल्याला, ओझं असलेल्याला, वाईट वाटेवर जास्तच लागतो.

तेवढंही करायचं नसेल तर स्वतःचा वेळ सांगावा. "मी माथ्यावरून निघून पाऊण तास झाला, उतरत आलो, तुम्हाला चढायला जास्त लागेल." हे वाक्य कुठेही खोटं नाही. आणि ऐकणाऱ्याला हिशेब करता येतो.

उंडारक्या

अहो पण डोळ्यांत पाणी आलेल्या माणसाला मी सहाशे मीटर आणि पाच किलोमीटर सांगू? तिथेच बसेल तो.

मोजणीदार

बसू दे की. कदाचित त्याला बसायचीच गरज असेल. तुम्हीही बसा दोन मिनिटं शेजारी, त्याला पाणी विचारा, मग सांगा.

पठारे_डॉक्टर

या मुद्द्यावर मोजणीदारांच्या बाजूने, आणि जरा कडक शब्दांत.

साधारण २,५०० मीटरच्या वर गेल्यावर विरळ हवेचा त्रास कोणालाही होऊ शकतो. तरुण, धडधाकट, रोज पळणारा असला तरी. डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं, विलक्षण थकवा. अशा माणसाला "थोडंच राहिलंय, चला" म्हणून वर ओढणं घातक आहे. लक्षणं असताना आणखी उंची गाठायची नाही. तोल जायला लागला, बोलणं असंबद्ध झालं, किंवा बसल्या जागी धाप लागली तर लगेच खाली उतरवायचं, आणि एकट्याला कधीही पाठवायचं नाही. अशा वेळी अनोळखी माणसाने "मी तुमच्याबरोबर खाली येतो" म्हणणं ही फार मोठी गोष्ट असते.

थंडीचंही तसंच. पावसात भिजलेला, वाऱ्यात चालणारा माणूस अडखळायला लागला, चिडचिड करू लागला, बोटांनी साधी चेन लावता येईना, शब्द जड झाले, की समजा शरीराचं तापमान घसरतंय. तो स्वतः "मी ठीक आहे" म्हणेल, त्यावर जाऊ नका. आडोशाला न्या, ओले कपडे उतरवून कोरडे घाला, जमिनीवर थेट बसवू नका, खाली सॅक किंवा मॅट द्या. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर गरम, गोड काहीतरी प्यायला द्या. हातपाय जोरात चोळू नका. कुडकुडणारा माणूस गरम न होताच कुडकुडायचा थांबला, तर ते सुधारल्याचं लक्षण समजू नका, प्रकृती बिघडत असते.

आणखी एक कळकळीची विनंती. आपल्या पाऊचमधल्या गोळ्या अनोळखी माणसाला सहज देऊ नका. त्याला कशाची ॲलर्जी आहे, आधीची कोणती औषधं चालू आहेत, आपल्याला माहीत नसतं. काही वेदनाशामक गोळ्या शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंडाला त्रास देतात. क्रेप बँडेज द्या, ओआरएसची पुडी द्या. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मिठाचं प्रमाण वाढवू नका.

रानवाट

डॉक्टर, आभार. हा प्रतिसाद मी उतरवून ठेवला.

पण मग समोरच्याला काय विचारायचं? "बरं आहे ना?" म्हटलं की शंभरातले शंभर जण "हो" म्हणतात.

पठारे_डॉक्टर

हो-नाही मध्ये उत्तर येईल असं विचारूच नका. "शेवटचं कधी खाल्लंत?" "पाणी किती उरलंय?" "कुठून निघालात?" उत्तरात अर्धी माहिती असते, उरलेली तो ते कसं बोलतो त्यात असते.

निवांत

मी विरुद्ध बाजू मांडतो.

मी डोंगरात जातो ते माणसांपासून जरा लांब जायला. तिथे दर वळणावर कोणी काळजीने चौकशी केली, बूट बघून सल्ला दिला, पाठीवरचं ओझं कसं चुकीचं भरलंय ते सांगितलं, तर मला तो जाच वाटतो. माझ्यासाठी सगळ्यात चांगला अनोळखी माणूस तो, जो मागून येताना दुरूनच आवाज देतो, बाजूने जातो, आणि माझ्यापाशी आल्यावर मोबाइलवरची गाणी बंद करतो. शांतता मोडू न देणं हीसुद्धा मदतच आहे, आणि ती कोणी मोजत नाही.

एकटी_चालणारी

निवांत यांना अर्धं अनुमोदन, पण माझं कारण वेगळं.

मी बाई आहे आणि बऱ्याचदा एकटी चालते. मला दर वेळी येणारे प्रश्न: "एकट्याच? सोबत कोणी नाही? मुक्काम कुठे?" विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात काळजीच असते हे मला माहीत आहे. पण ओसाड वाटेवर अनोळखी पुरुषाने माझा मुक्काम विचारला की माझ्या पोटात गोळा येतो. तो माणूस कसा आहे हे मला तिथे ठरवता येत नाही. आणि उत्तर द्यायला मी बांधील नाही, तरी न दिलं तर मीच उद्धट ठरते.

उलट एक चांगलं उदाहरण देते. धुकं उतरत होतं, वाट पुसट होती. मागून एक जोडपं आलं. दोघांनी मला काहीच विचारलं नाही, स्वतःबद्दलच सांगितलं. "आम्ही पुढच्या ओढ्यापाशी थांबणार आहोत, धुकं निवळेपर्यंत. आमच्याकडे नकाशा आहे." आणि पुढे गेले. किती मोकळं वाटलं सांगू! त्यांच्या मागोमाग जायचं, एकटीने चालायचं की परत फिरायचं, सगळं माझ्या हातात होतं. मी ओढ्यापर्यंत गेले. ते जागेवर होते, हात केला, मीही केला, आणि थोड्या अंतरावर बसले. धुकं विरल्यावर आपापल्या वाटेने निघालो.

विचारण्याआधी सांगा. माझ्यासारखीला एवढं पुरतं.

निवांत

हे मला सुचलंच नव्हतं. "विचारण्याआधी सांगा" पटलं.

सोनकी

एकटी_चालणारी, ते जोडपं कोण होतं माहीत नाही, पण शहाणं होतं.

दूरदेशी

जरा लांबच्या वाटांबद्दल लिहितो, कारण तिथे अनोळखी माणसांची मदत हा त्या वाटेचाच भाग झाला आहे.

अमेरिकेतली ॲपलाचियन ट्रेल १९३७ मध्ये सलग जोडली गेली. चौदा राज्यांतून जाणारी, सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची. ती एका दमात चालणाऱ्यांना महिने लागतात. वाटेजवळची माणसं त्यांना गाडीतून गावापर्यंत सोडतात, अंघोळीला जागा देतात, नाक्यावर गरम जेवण घेऊन उभी राहतात. चालणारे त्यांना वाटेवरचे देवदूतच म्हणतात.

जपानच्या शिकोकू बेटावर ८८ मंदिरांची परिक्रमा आहे, सुमारे १,२०० किलोमीटरची. तिथे स्थानिक लोक चालणाऱ्याच्या हातात फळ, पेय, क्वचित पैसेही ठेवतात. नाकारणं बरं दिसत नाही. घेणारा बदल्यात आपलं नाव लिहिलेली छोटी कागदी पट्टी देतो.

नॉर्वेत १८६८ मध्ये स्थापन झालेल्या पर्यटन संघटनेच्या डोंगरझोपड्या आहेत. त्यातल्या काहींमध्ये कोणी राखणदार नसतो, पण कोठीत शिधा भरलेला असतो. आपण घ्यायचं, नोंद करायची, पैसे भरायचे. सगळं विश्वासावर. निघताना भांडी घासून, झाडून, पुढच्यासाठी लाकडं फोडून ठेवायची. न्यूझीलंडमध्येही झोपडीतल्या वहीत आपण कुठून आलो, कुठे चाललो हे लिहायचं असतं, मुक्काम करणार नसलात तरी. कोणी हरवलं तर शोधणारे आधी ती वही उघडतात.

फोडून ठेवलेल्या लाकडांबद्दल मला फार वाटतं. ज्याच्यासाठी फोडली तो कधी भेटणारच नसतो.

कातळ

वा! आपणही वाटेवर एखाद्या ठिकाणी खाऊ आणि पाण्याच्या बाटल्या ठेवून जायला हव्यात. ज्याला लागेल तो घेईल.

दूरदेशी

नको, कातळ. मुद्दाम सांगतो, कारण हा विचार अनेकांना येतो. ॲपलाचियन ट्रेलची देखभाल करणारी संस्था खाऊ बेवारस ठेवून जाऊ नका असं स्पष्ट सांगते. अस्वलं आणि इतर प्राणी त्याला चटावतात, मग माणसांच्या मागे लागतात, आणि शेवटी जीव प्राण्याचाच जातो. उरलेल्या वेष्टनांचा कचरा होतो तो वेगळाच. द्यायचं तर स्वतः थांबून हातात द्यावं आणि निघताना सगळं परत न्यावं.

पाण्याचंही तेच. अमेरिकेतल्याच पश्चिमेकडच्या पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल या लांब वाटेच्या कोरड्या पट्ट्यात लोक चालणाऱ्यांसाठी पाणी ठेवून जायचे. तिथल्या संस्थेचं म्हणणं असं, की या साठ्यांच्या भरवशावर निघू नका. आदल्या ग्रुपने ते संपवलेलं असू शकतं.

रानभूल

मला वाटतं दूरदेशी जरा जास्तच कडक होताहेत. वाळवंटात एखाद्याला ते पाणी मिळालं आणि तो वाचला, तर ठेवणाऱ्याला नावं ठेवायची?

मोजणीदार

नावं नाही ठेवत कोणी. पण पाणी असेल या आशेवर दहा जण कमी पाणी घेऊन निघाले आणि डबे रिकामे निघाले, तर? माझ्या मते पाणी ठेवण्यापेक्षा खबर देणं जास्त उपयोगाचं. "वरचं टाकं आटलंय, इथूनच भरून घ्या." समोरून येणाऱ्याकडून मला हे वाक्य मिळालं की मी त्याचा ऋणी होतो.

रानभूल

खबरीचं मान्य. तरी माझ्या सॅकमध्ये एक जादा बाटली असतेच, आणि ती दुसऱ्यासाठीच असते.

मोजणीदार

हातात दिलेल्या बाटलीला माझी काहीच हरकत नाही. उलट कौतुक आहे.

घसारा

थोडं विषयांतर. अरुंद वाटेवर चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं हा नियम सगळे सांगतात. चढणाऱ्याची नजर पायाशी असते, लय मोडली की परत जमवायला त्रास होतो, म्हणून उतरणाऱ्याने थांबायचं. पण समोरून खेचरं आली तर कुठल्या बाजूला व्हायचं? एका ठिकाणी वाचलं दरीकडे, एका ठिकाणी वाचलं डोंगराकडे. नक्की काय?

दूरदेशी

दोन्ही बरोबर आहे, जागा वेगळ्या आहेत. अमेरिकेत घोडेस्वारांसाठी सांगतात की उताराच्या बाजूला उतरून उभं राहा आणि हळू आवाजात बोलत राहा. घोड्याला वरच्या अंगाला उभं असलेलं काहीतरी शिकारी जनावर वाटून तो बिचकू शकतो, आणि बोलल्यावर त्याला कळतं की हा माणूस आहे. नेपाळच्या वाटांवर मात्र याक किंवा खेचरांचा तांडा आला की डोंगराच्या अंगाला चिकटायचं. कारण तिथे उताराची बाजू म्हणजे थेट कडा, आणि पाठीवरच्या ओझ्याचा धक्का लागला तर माणूस खाली जातो. बाहेरच्या बाजूला उभं राहायला ऐसपैस, सपाट जागा नसेल तर डोंगराकडेच व्हा, आणि हाकणारा सांगेल ते ऐका.

उंडारक्या

आणि खेचरांना "आलंच आता, दहा मिनिटं" सांगायचं नाही. त्यांना वाट आपल्यापेक्षा जास्त माहीत असते. :)

लगोर

माझ्या नावावरून ओळखलं असेलच काय लिहिणार ते.

झाडांच्या वर, उघड्या कातळावर पायवाट उमटत नाही. तिथे कोणीतरी रचलेल्या दगडांच्या लगोऱ्या हाच आधार. धुक्यात एका लगोरीपाशी उभं राहून पुढची दिसायची वाट बघायची, दिसली की निघायचं. हे काम करणारी माणसं आपल्याला दिसत नाहीत, पण त्यांनी आपला हात धरलेला असतो.

म्हणूनच हौसेने, फोटोसाठी रचलेल्या लगोऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. अमेरिकेतल्या अकेडिया राष्ट्रीय उद्यानात एका खास पद्धतीच्या लगोऱ्या आहेत. खाली दोन पायांसारखे दगड, त्यांवर आडवी शिळा, आणि सगळ्यात वर दिशा दाखवणारा एक दगड. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वॉल्ड्रन बेट्स यांनी ही पद्धत तिथे आणली. आता लोक त्यांवर आपले दगड रचतात, मोडतात, शेजारी नवीन उभारतात, आणि उद्यानाचे स्वयंसेवक त्या पुन्हा नीट करत बसतात. खूण दिसली तर तिला हात लावू नये, आपली नवीन रचू नये. ढासळलेली दिसली तर त्या वाटेची देखभाल करणाऱ्यांना कळवावं.

धुकटवाट

मी सहसा फक्त वाचते, पण एक गोष्ट इथे यायलाच हवी.

१७ ऑक्टोबर २०१०. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरमधला माउंट वॉशिंग्टन. उंची फक्त १,९१७ मीटर, पण हवामानासाठी कुप्रसिद्ध. पॅम बेल्स नावाच्या बाई एकट्याच चढत होत्या. त्या स्थानिक बचाव पथकाच्या स्वयंसेवक, पण त्या दिवशी स्वतःच्या हौसेने निघालेल्या. बर्फात त्यांना साध्या कापडी बुटांचे ठसे दिसले. असे बूट घालून या हवेत कोणी वर गेलंय, हे बघून त्या ठशांमागे गेल्या. पुढे एक माणूस तुटपुंज्या कपड्यांत बर्फात बसलेला सापडला, धड बोलतही नव्हता. त्यांनी त्याला स्वतःजवळचे कोरडे कपडे घातले, गरम पेय पाजलं आणि उतरवायला सुरुवात केली. तो नाव सांगेना, म्हणून त्यांनीच त्याला जॉन म्हणायला सुरुवात केली. तो बसायला लागला की त्या उठवायच्या. गाणी म्हणत, बोलत, त्यांनी त्याला अंधार पडेपर्यंत खाली आणला. तो गाडीत बसला आणि निघून गेला.

काही दिवसांनी पथकाकडे निनावी पत्र आलं, सोबत देणगी. तो त्या दिवशी परत न येण्याच्या इराद्याने वर गेला होता. त्याचं खरं नाव आजही जाहीर नाही.

रानवाट, तुम्हाला लहान गोष्टी हव्या होत्या आणि ही मोठी आहे, मान्य. पण सुरुवात कशाने झाली बघा. कोणीतरी ठशांकडे नीट पाहिलं.

सोनकी

अंगावर काटा आला.

पठारे_डॉक्टर

मला यातलं बोलत राहणं महत्त्वाचं वाटतं. गारठलेला, खचलेला माणूस थांबला की संपलं. आवाज चालू ठेवायचा.

मात्र प्रत्येकाने असं धाडस करावं असं नाही. त्या प्रशिक्षित होत्या, पुरेसे कपडे आणि सामान जवळ होतं. आपल्याकडे ते नसेल तर आधी मदत मागवा. रेंज पुसट असेल तर फोन लागत नाही तिथेही कधी कधी मेसेज जातो.

घसारा

आणि शिट्टी! आल्प्समध्ये ठरलेला संकेत असा: मिनिटाला सहा वेळा, म्हणजे दर दहा सेकंदांनी एकदा शिट्टी किंवा टॉर्चचा उजेड, मग एक मिनिट शांतता, मग पुन्हा. ऐकणाऱ्याने मिनिटाला तीन वेळा असं उत्तर द्यायचं. अमेरिकेत मदतीसाठी तीन शिट्ट्या चालतात. काही असो, डोंगरात ठरावीक अंतराने शिट्टी ऐकू आली तर कोणीतरी मजा करतंय म्हणून सोडून देऊ नका.

रानवाट

इतकं येईल असं वाटलं नव्हतं. एकटी_चालणारी यांच्या प्रतिसादानंतर माझं मत थोडं बदललं आहे. मी लिहिलं होतं "आधी बघा, मग विचारा". आता म्हणेन, विचारायच्याही आधी आपण कोण, कुठे चाललोय, पुढे वाट कशी आहे हे सांगा. पुढचं काय ते समोरचा ठरवेल.

उंडारक्या, तुमच्या दहा मिनिटांचं काय ठरलं?

उंडारक्या

ठरलं. मोजणीदारांची पद्धत, माझं हसू. "मी वरून निघून पाऊण तास झाला, तुम्हाला जास्त लागेल, पण पुढे सावली आहे, तिथे बसा." सावली असेल तरच सांगेन, काळजी नको.

मोजणीदार

आता कसं! त्या सावलीत मीही बसेन.

कातळ

घसारा, शिट्टी कुठली घ्यावी? पत्र्याची की प्लास्टिकची?

घसारा

आत गोळी नसलेली प्लास्टिकची. भिजली तरी वाजते आणि कडक थंडीत ओठांना चिकटत नाही. पण विकत घेण्याआधी सॅकचा छातीवरचा पट्टा बघा. बऱ्याच सॅकना त्याच्या बकलमध्येच शिट्टी असते.

कातळ

आहे की! मला वाटायचं ते नुसतं बकल आहे.

घसारा

आवाज कसा येतो ते बघून घ्या. घरात मात्र नको, शेजारी तीन शिट्ट्यांनी उत्तर देतील. :)